इंगळे सरांच्या गाडीवरचे चरे

इंगळे सर मला पहिल्यांदा दिसले ते पाठमोरे. मी मेहकरला बदली होऊन आलो होतो आणि भाड्याच्या खोल्या शोधत फिरत होतो. गल्लीच्या टोकाच्या घरापुढे एक गृहस्थ गाडीच्या दारापाशी उकिडवे बसले होते. अंगात बनियन, खाली पायजमा. "सर, वरच्या खोल्या द्यायच्या आहेत असं कळलं," मी म्हणालो. मागे न बघता त्यांनी डावा हात वर केला. थांबा. मी थांबलो. बऱ्याच वेळानं ते उठले, दोन पावलं मागे सरले, मान तिरकी करून दाराकडे पाहिलं आणि मग मला म्हणाले, "काही दिसते का इथं?"

"नाही."

"नीट पाहा. उजेड इकडून येऊन राह्यला, तर तुम्ही तिकडून पाहा."

मी तिकडून पाहिलं. गडद निळ्या दारात मला माझं तोंड दिसलं, त्याच्या मागं कंपाउंडची भिंत दिसली.

"काहीच नाही."

"मंग झालं," सर म्हणाले. "चला, खोल्या पाहून घ्या."

खोल्या मी घेतल्या. पुढची काही वर्षं त्यांच्या डोक्यावर राहिलो.

सर एका हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. निवृत्त होऊन तीनएक वर्षं झाली होती. बाजारात निघाले की भाजीवाल्यापासून वकिलापर्यंत कोणीही 'ड्रॉइंग सर, नमस्कार' म्हणायचं. त्यांचे जुने विद्यार्थी सांगत की सरांनी कधी कोणाला मारलं नाही आणि कधी कोणाला शाबासकीही दिली नाही. वहीवर नाव नसलं तरी रेघ कोणाच्या हाताची आहे हे ते ओळखायचे, आणि वही ज्याची त्याला बरोबर परत जायची. चूक असली की स्वतःच्या खोडरबरानं पुसून द्यायचे, म्हणायचे, "घाई नाही. पुन्हा काढ."

माझ्याकडे तेव्हा एक जुनी पांढरी गाडी होती. पहिल्याच रविवारी मी कोरडं फडकं घेऊन तिच्यावरची धूळ झटकायला लागलो, तर सर चहाचा कप तसाच ठेवून आले.

"थांबा हो. हे पुसणं नाही. धूळ म्हणजे बारीक वाळू. तुम्ही गाडीले पॉलिश पेपर मारून राह्यले."

मग त्यांनी मला गाडी धुवायला शिकवलं. बोटातली अंगठी, मनगटावरचं घड्याळ आधी काढून कठड्यावर ठेवायचं, कमरेचा पट्टासुद्धा काढायचा, कारण त्याचं बक्कल दाराला लागतं. गाडी सावलीत घ्यायची. दोन बादल्या. एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत नुसतं पाणी, आणि मळलं फडकं आधी नुसत्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवायचं. कपड्यांची पावडर घरातून कोणी आणून दिली तरी नको म्हणायचं. वरून खाली यायचं, चाकं शेवटी. हे सगळं सांगताना त्यांचा आवाज इतका हळू असायचा की मला पाण्याचा नळ बंद करावा लागे.

गाडीवर चरा पडला की गल्लीतले लोक सरांकडे यायचे. सर चऱ्यावरून आडवं नख फिरवायचे. नख सरकून गेलं तर वरच्या पारदर्शक थरालाच लागलेलं आहे, मऊ कापडावर थोडं कंपाउंड, म्हणजे रंग घासायची पेस्ट, घेऊन हलक्या हातानं गोल गोल घासलं की जातं. नख अडकलं तर तेवढ्यापुरता रंग भरावा लागतो. दाराच्या चौकटीवर रंगाचा नंबर असतो, त्या नंबरची छोटी बाटली आणायची, चऱ्याच्या दोन्ही बाजूंनी टेप लावायची, शून्य नंबरच्या ब्रशनं पातळ थर द्यायचा आणि वाळू द्यायचा. मग दुसरा. आणि आतला पत्रा दिसत असला तर सर हात मागे घ्यायचे. "हे घरचं काम नाही. गॅरेजले न्या. अन् याच आठवड्यात न्या, नाही तर गंज धरते."

कापड दुकानवाले हमीदभाई एकदा घाईनं आले. त्यांच्या मुलीचं लग्न दुसऱ्या दिवशी होतं आणि नवरीची गाडी फाटकाला घासली होती. सरांनी सकाळी एक थर दिला आणि खुर्ची टाकून बसले. दुपारी हमीदभाई म्हणाले, "सर, दुसरा हात मारून द्या ना. उद्या पोरीची बिदाई हाये."

"ओला हाये अजून."

"कोण पाहते, सर?"

"मी पाहतो ना," सर म्हणाले. "फुलाची माळ तिथंच लावा. बाकीचं लग्नानंतर पाहू."

माळ तिथं लावली गेली. लग्न पार पडल्यावर हमीदभाईंनी खरंच गाडी परत आणली आणि सरांनी दोन सकाळी घालवून तो चरा असा घालवला की हमीदभाईंनाच जागा सापडेना.

सरांची स्वतःची गाडी मात्र फारशी रस्त्यावर नसायची. ती घेण्यामागचं कारण मला सरांच्या पत्नीनं, काकूंनी सांगितलं. त्यांचा एकुलता मुलगा वैभव पुण्यात राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत होता. एका वर्षी तो मुलाखतीपर्यंत पोचला, आणि सरांनी निवृत्तीच्या पैशातून गाडी घेतली. साहेब होणारा पोरगा मुलाखतीला एसटीनं कसा जाईल, असं त्यांचं म्हणणं. स्वतः चालवत पुण्याला गेले, वैभवला मुलाखतीला सोडलं आणि बाहेर झाडाखाली गाडी पुसत उभे राहिले. यादी लागली तेव्हा त्यात वैभवचं नाव नव्हतं. पुढच्या वर्षी नव्हतं, त्याच्या पुढच्याही वर्षी नव्हतं.

मी तिथं राहायला आल्यानंतर वैभवची वयोमर्यादा संपली आणि तो घरी परत आला. त्याला आणायला सर गाडी घेऊन बसस्टँडवर गेले. मी गच्चीवर होतो. गाडीत सर एकटेच परत आले. डिक्कीत पुस्तकांची खोकी होती. वैभव मागून पायी येत होता.

तिशी ओलांडलेला, सडपातळ, सावळा मुलगा. पुण्यात राहून त्याची बोली पार धुऊन निघाली होती. आपण 'मले' म्हणालो की तिथं लोक हसत, असं त्यानं मला एकदा सांगितलं. आता तो 'मला' म्हणायचा तेव्हा इथले हसत. चौकात गेला की जुने मित्र "काय साहेब?" करायचे. महिन्याभरातच त्यानं चौकात जाणं बंद केलं. पोर्चला लागून असलेल्या खोलीत बसायचा. तिच्या खिडकीतून गाडीच दिसायची.

आणि सर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "सध्या घरूनच अभ्यास करते तो." कुठल्याच परीक्षेला बसता येत नाही हे गल्लीला माहीत होतं, वैभवला माहीत होतं. खिडकी उघडी असायची.

पहिला चरा मागच्या दारावर पडला. वीतभर लांब, सरळ. "मांजर असन," सर म्हणाले आणि कंपाउंडची डबी घेऊन बसले. काही दिवसांनी दुसरा, मग तिसरा. कधी दारावर, कधी डिक्कीवर, कधी पुढच्या चाकाच्या वर. सर रोज सकाळी गाडीभोवती फिरून पाहायचे आणि सापडला की तिथंच पाट टाकून बसायचे. एकदा मी म्हणालो, "सर, पोर्चमध्ये एक कॅमेरा लावून टाका. स्वस्तात मिळतो. कोण करते ते तरी कळेल."

"कॅमेरा नको," सर म्हणाले. त्यांचा तसा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता.

नंतर एका सुटीच्या दुपारी मी गच्चीवरचे वाळलेले कपडे घेऊन जिना उतरत होतो. वैभव खोलीतून बाहेर आला. हातात किल्ली होती. गाडीपाशी थोडा वेळ उभा राहिला आणि पुस्तकातल्या महत्त्वाच्या ओळीखाली रेघ मारावी तशी त्यानं दारावर सावकाश एक रेघ ओढली. राग नव्हता त्यात. मग ती पाहिली आणि आत गेला. मी जागचा हललो नाही. बैठकीच्या खिडकीकडे माझं लक्ष गेलं. जाळीच्या मागं सर उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. मी त्यांना पाहिलं हेही त्यांनी पाहिलं, आणि पडदा ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी ते चऱ्याशी बसले असताना मी शेजारी जाऊन बसलो.

"सर, तुम्हाले माहीत हाये."

"हाव."

"मंग त्याले काही म्हणत काऊन नाही?"

"काय म्हणू?" कापड गोल गोल फिरतच होतं. "माह्याशी तो बोलत नाही. आईशी बोलते, तेही जेवणापुरतं. रागावलो अन् निघून गेला तर? त्याच्यापेक्षा हे बरं हाये. तो ओढते, मी भरतो. चाललं तसं चालू द्या."

"पण त्याले काहीतरी म्हणायचं असन."

सरांनी हात थांबवला. माझ्याकडे पाहिलं नाही. "घाई नाही," ते म्हणाले. "वाळू द्या थोडं."

दिवाळीच्या सुटीत एके सकाळी त्यांनी खोलीच्या दाराशी जाऊन हाक मारली, "वैभव, टेप धरतोस का रे जरा?" मला वाटलं तो येणार नाही. पण तो आला. मी माझी गाडी धूत होतो, त्यामुळं दोघांना बाजूनं पाहत होतो. डिक्कीवरचा चरा होता, नख अडकेल एवढा. वैभवनं टेप धरली. सरांनी ब्रश त्याच्या हातात दिला, मनगट कसं टेकवायचं ते दाखवलं. तो रंग भरत होता आणि सर शाळेत असल्यासारखे मागं उभे होते. दोन थर झाले. तिसऱ्या दिवशी पॉलिश पेपर पाण्यात भिजवून दोघांनी आळीपाळीनं घासलं, कंपाउंड लावलं, मेण लावलं. काकू दोनदा चहा घेऊन आल्या. एकदा सर काही बोलले आणि वैभव हसला. मी बायकोला वर जाऊन सांगितलं सुद्धा की खाली बापलेक हसून राह्यले.

शेवटचं पुसून झाल्यावर सर दोन पावलं मागे सरले. चेहरा उजळला होता. "पाह्य," ते म्हणाले, "काही झालंच नव्हतं असं वाटते का नाही?"

वैभवनं भरलेल्या जागेवरून आडवं नख फिरवलं.

"झालं होतं, बाबा," तो म्हणाला.

"काय?"

"झालं होतं. मी नापास झालो. पुन्हा पुन्हा झालो. माझं वय संपलं. तुम्ही लोकांना सांगता, घरून अभ्यास करतो."

"तुह्या भल्यासाठीच सांगतो ना बाप्पा. लोकं काहीबाही..."

"हे चरे मी पाडतो. तुम्हाला माहीत आहे मी पाडतो."

सरांच्या हातात कापड होतं. त्यांनी त्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मी त्या दिवशीही नळापाशीच होतो, पण नळ बंद केला होता, त्यामुळं पुढचं स्पष्ट ऐकू आलं.

"कोण म्हणते?" सर म्हणाले. "मांजर असन."

वैभवनं आपल्या हातातलं कापड डिक्कीवर ठेवलं आणि आत गेला.

त्यानंतर बरेच दिवस एकही चरा पडला नाही. सर सकाळी गाडीभोवती फिरून यायचे आणि मला बोटानं खूण करायचे, की काही नाही. त्यांना बरं वाटत होतं. मलाही वाटत होतं.

मग एका सकाळी काकूंचा आवाज आला. मी खाली धावलो. बोनेटवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ होती, किल्लीची नव्हे, कुठल्यातरी जाड लोखंडी वस्तूची. खाली पत्रा दिसत होता. नख फिरवून पाहायची गरज नव्हती. खोलीत वैभव नव्हता. फोन गादीवर ठेवलेला होता. काकू पायरीवर बसल्या होत्या.

पोलीस स्टेशनात मी सरांबरोबर गेलो. तिथल्या जमादारानं अलीकडचा फोटो मागितला. अलीकडचा फोटो नव्हता. होता तो मुलाखतीच्या वेळचा, कोटातला, गुळगुळीत दाढी केलेला. आता त्याची दाढी वाढलेली होती, गाल बसले होते. "मी काढून देतो," सर म्हणाले. जमादारानं कोरा कागद दिला. सरांनी कपाळ काढलं, केस काढले, दाढी काढली. डोळ्यांपाशी आले आणि थांबले. काढले, खोडले, पुन्हा काढले. कागद तिथं पातळ झाला. शेवटी पेन्सिल ठेवून माझ्याकडे वळले.

"येऊन नाही राह्यले हो डोळे," ते म्हणाले. "इतके दिवस घरात होता. मी त्याच्या तोंडाकडे पाह्यलंच नाही. गाडीच पाहून राह्यलो."

जमादार चांगला माणूस होता. त्यानं जुनाच फोटो घेतला.

सर पुण्याला गेले. अभ्यासिका पाहिल्या, खानावळी पाहिल्या, त्याच्या जुन्या खोलीत आता दुसरीच पोरं होती. त्यांनी चहा पाजला आणि असे बरेच जण निघून जातात, असं सांगितलं. सर परत आले, पुन्हा गेले. गाडीवर धुळीचे थर बसले. पावसाळा आला तसा बोनेटवरच्या रेघेला तांबूस कड आली, मग तिथला रंग फुगून सुटू लागला. हमीदभाईंना पाहवेना.

"सर, जंग धरून राह्यला. माझ्या ओळखीचं गॅरेज हाये, मी घेऊन जातो. तुम्ही काही करू नका."

"राहू द्या," सर म्हणाले. "तो येईन तर त्यानं पाह्यलं पाह्यजे. मी पुसलं नाही म्हणून."

काकू तेव्हा दारात उभ्या होत्या. घरातल्या घरात त्या सरांशी बोलेनाशा झाल्या होत्या. माझ्या बायकोला मात्र एकदा म्हणाल्या, "इतक्या वेळा हाक मारली पोरानं. हे दर वेळी कंपाउंड लावत बसले." आणि मग तांदूळ निवडायला लागल्या.

पुढं माझी खामगावला बदली झाली. निघायच्या दिवशी सर घरी नव्हते. कुठंतरी कोणीतरी दाढीवाला पोरगा पाहिला होता म्हणून गेले होते. काकूंनी हातावर साखर ठेवली. सुरुवातीला मी फोन करायचो. सर 'हॅलो' म्हणायच्या आधी 'कोण?' विचारायचे, घाईघाईनं, आणि मी नाव सांगितलं की आवाज खाली यायचा. तो खाली येणारा आवाज मला ऐकवेना, म्हणून मी फोन कमी केले.

त्यांना शेवटचं पाहिलं ते मेहकरजवळच्या हिवरा आश्रमला. जानेवारीतल्या उत्सवात तिथं मैदानावर महाप्रसादाच्या पंगती बसतात. एका वेळी इतकी माणसं की पंगतीचं दुसरं टोक दिसत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून पुऱ्या येतात, वांग्याची भाजी येते. आम्ही घरचे सगळे बसलो होतो. मी खाली मान घालून जेवत होतो. डोक्यावर आवाज आला, "पाणी?"

मी वर पाहिलं. हातात जग, सदरा चुरगळलेला, दाढीचे खुंट पांढरे झालेले. त्यांची नजर माझ्या तोंडावरून पुढच्या माणसाकडे गेली आणि मग परत आली.

"तुम्ही व्हय," सर म्हणाले. "कधी आले?"

"सकाळीच. सर, तुम्ही इथं सेवेला?"

"सेवा कशाची." त्यांनी माझ्या पेल्यात पाणी ओतलं. "जेवताना सगळे खाली पाहतात. तोंड दिसत नाही. पाणी विचारलं का वर पाहतात."

माझी बायको जेवायची थांबली.

"इथं दिसला असं कोणी म्हणालं का?" मी विचारलं.

"नाही. कोणी काही म्हणालं नाही." त्यांनी पंगतीच्या लांबीकडे पाहिलं. "जेवा तुम्ही. भाजी थंडी होईन."

ते पुढं सरकले. प्रत्येक पानापाशी थांबत होते. "पाणी? पाणी?" माणूस वर पाहायचा, कोणी हो म्हणायचं, कोणी नको. आमच्यापासून थोड्या अंतरावर एक दाढी वाढलेला तरुण बसला होता. सरांनी विचारलं तर त्यानं मान वर न करताच पेल्यावर तळहात आडवा धरला.

सर तिथंच उभे राहिले. मागचा वाढपी त्यांना ओलांडून पुढं निघून गेला.

"घे ना बेटा," सर म्हणाले. "थोडं घे."

पोरानं तळहात काढला आणि वर पाहिलं. कोणा दुसऱ्याचाच मुलगा होता. सरांनी त्याचा पेला काठोकाठ भरला, जग दुसऱ्या हातात घेतला आणि पुढच्या पानाकडे सरकले.